प्लिनीची दोन पत्रं आणि व्हेसुव्हियस

मागच्या सेमिस्टरला भाषांतराच्या पेपरसाठी आम्हाला धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या एका पत्रातला उतारा इंग्रजीतून मराठीत करायला दिला होता. इसवी सन ७९ मध्ये इटलीतला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पाँपेई, हर्क्युलेनियम ही शहरं गाडली गेली, ते प्लिनीनं खाडीच्या पलीकडून बघितलं होतं. डोंगरावर उठलेला ढग कोणत्या झाडासारखा दिसत होता ते तो सांगतो. झाड पाइनचं. मी बिनधास्त 'देवदार' लिहून मोकळी झाले. वही परत आली तेव्हा देवदाराभोवती लाल गोल होता आणि बाजूला सरांनी लिहिलं होतं, "झाड चुकलं, त्यामुळे ढगही चुकला."

खरं सांगायचं तर मला रागच आला. एका झाडासाठी दोन मार्क कापायचे? मग इटलीतल्या पाइनचे फोटो बघितले आणि गप्प बसले. देवदार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतो तो ख्रिसमस ट्री, म्हणजे खाली रुंद आणि वर निमुळता. नेपल्सकडचा पाइन बरोबर उलटा. लांबलचक सरळ खोड, त्याला मध्ये फांदीच नाही, आणि अगदी वर गेल्यावर उघडलेली सपाट छत्री. ताडाच्या खोडावर गुलमोहराचा माथा बसवला तर जसं दिसेल तसं. आता त्या आकाराचा ढग डोळ्यासमोर आणा. प्लिनी एवढ्यावर थांबत नाही. ढग आधी जोरानं वर फेकला गेला आणि तो जोर ओसरल्यावर आपल्याच वजनानं आडवा पसरला असावा, असा अंदाजही तो करतो. ढग कुठे पांढरा आणि कुठे मळकट दिसत होता, तेसुद्धा लिहितो.

आजचं ज्वालामुखीशास्त्र साधारण हेच सांगतं. जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, म्हणजे मॅग्मात, वायू विरघळलेले असतात. वरचा दाब सुटला की ते फेसाळून बाहेर पडतात; सोड्याची बाटली हलवून झाकण उघडल्यावर होतं तसं. राख आणि हलके सच्छिद्र दगड यांचा खांब आकाशात चढतो. ७९ साली तो सुमारे ३० किलोमीटर उंच गेला असं मानतात. खांब आजूबाजूची हवा तापवत आणि ओढून घेत वर जातो. जिथे तो भोवतालच्या हवेपेक्षा हलका राहत नाही तिथे आडवा पसरतो, आणि ती झाली पाइनची छत्री. अशा स्फोटांना आज जगभर 'प्लिनियन' म्हणतात. एका साहित्यिकाचं नाव ज्वालामुखीच्या शास्त्रात असं जाऊन बसलं, ते एका अचूक उपमेमुळे. मी देवदार लिहून तीच मोडली होती.

हा लेख त्या पत्रांबद्दल आहे. पण नुसता जुन्या गोष्टीबद्दल नाही, कारण तो डोंगर अजून जिवंत आहे. नेपल्स शहराच्या मध्यापासून तो १५ किलोमीटरच्या आतच आहे, उंची १,२८१ मीटर, आणि त्याच्या उतारावर व पायथ्याशी लाखो माणसं राहतात.

आधी एक नकाशा काढू. वहीत डावीकडे तोंड केलेला, म्हणजे उलटा 'सी' काढा. ही नेपल्सची खाडी. वरच्या टोकाला, डावीकडे, मिसेनम. इथे रोमन आरमाराचा तळ होता. कमानीच्या वरच्या भागात नेपल्स. उजवीकडे आत व्हेसुव्हियस. त्याच्या पायथ्याला समुद्राकडे हर्क्युलेनियम, थोडं खाली पाँपेई, आणखी खाली स्ताबिए. मिसेनमपासून डोंगर सुमारे ३० किलोमीटर लांब, मधे पाणी. हा कागद शेवटपर्यंत जवळ ठेवा, मिसेनमशी आपल्याला परत यायचंय.

ही पत्रं प्लिनीनं इतिहासकार टॅसिटसला लिहिली, घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. टॅसिटसला आपल्या इतिहासग्रंथासाठी माहिती हवी होती. गंमत बघा, टॅसिटसच्या त्या ग्रंथाचा ७९ सालचा भाग आज उपलब्धच नाही. हातात आहे तो मजकूर इसवी सन ७० पाशी तुटतो. कच्चा माल म्हणून पाठवलेली पत्रं उरली आणि ज्या इमारतीसाठी तो माल होता ती गेली.

पहिल्या पत्राचा नायक थोरला प्लिनी. इंग्रजीत त्याला 'अंकल' म्हणतात, मराठीत मात्र आपल्याला ठरवावंच लागतं, काका की मामा? लॅटिन शब्द स्पष्टपणे आईच्या भावाचा आहे, म्हणून मामा. निदान इथे तरी आपली भाषा इंग्रजीपेक्षा लॅटिनच्या जवळ आहे. हा मामा मिसेनमच्या आरमाराचा प्रमुख होता, शिवाय ३७ भागांचा निसर्गकोश लिहिणारा अफाट वाचक. बहीण आणि सतरा वर्षांचा भाचा त्याच्याकडेच राहत होते.

दुपारी बहीण त्याला ढग दाखवते. तो जेवून पडल्या पडल्या अभ्यास करत असतो. उठून उंचावर जाऊन बघतो आणि जवळून बघायला हलकी होडी तयार करायला सांगतो. भाच्याला म्हणतो, येतोस का? भाचा म्हणतो, नको, मला अभ्यास आहे. (परीक्षेच्या काळात हे वाक्य आपण सगळ्यांनी वापरलंय. कुणाचा जीव वाचल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.) तेवढ्यात डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या रेक्टिना नावाच्या बाईची चिठ्ठी येते, सोडवा म्हणून. तिथून मामाचा बेत बदलतो. बघायला निघालेला माणूस आता मोठी जहाजं घेऊन माणसं वाचवायला निघतो. जाताना काय दिसतंय ते लिहून घ्यायला सांगत राहतो. जहाजांवर राख पडते, मग दगड पडायला लागतात, किनाऱ्याला लागता येत नाही. तो स्ताबिएला मित्राकडे वळतो. तिथे घाबरलेल्यांना धीर यावा म्हणून अंघोळ करतो, जेवतो आणि चक्क घोरत झोपतो. सकाळी सगळे डोक्यावर उशा बांधून किनाऱ्यावर येतात. समुद्र खवळलेला. मामा एका शिडाच्या कापडावर आडवा होतो, दोनदा पाणी मागतो, दोन गुलामांच्या आधारानं उठतो आणि कोसळतो. दोन दिवसांनी प्रेत सापडलं तेव्हा ते झोपलेल्या माणसासारखं दिसत होतं, असं भाचा लिहितो.

बहुतेक संग्रहांत हेच पत्र असतं, कारण ते शौर्याचं आहे. मला मात्र दुसरं पत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. पहिल्या पत्रानंतर टॅसिटसनं विचारलं, मग तुझं काय झालं? त्याचं हे उत्तर. यात शौर्य फारसं नाही. यात जमीन हलत असताना पुस्तकातून टिपणं काढत बसलेला एक मुलगा आहे. इतिहासकार लिव्हीचं पुस्तक तो मागवून घेतो आणि वाचतो! मामाचा एक मित्र येऊन मायलेकांवर ओरडतो, तरी हा पुस्तकातून डोकं वर काढत नाही. ते धैर्य होतं की मूर्खपणा, हे आपल्यालाच सांगता येत नाही, अशी कबुली तो पुढे देतो.

या पत्राच्या सुरुवातीला एक तपशील आहे, सहज वाचून पुढे जावं असा. आधी बरेच दिवस भूकंपाचे हादरे बसत होते, पण कंपानिया प्रांतात ते नेहमीचंच, त्यामुळे फारशी भीती वाटली नाही, अशा अर्थाचं तो लिहितो. माझ्या मते दोन्ही पत्रांचा कणा इथे आहे. सूचना येतच नव्हती असं नाही. ती रोज येत होती, म्हणूनच ती सूचना आहे हे कुणाला कळलं नाही.

आणि ही एकट्या प्लिनीची गोष्ट नाही. सतरा वर्षं आधी, इसवी सन ६२ च्या सुमारास, पाँपेईला मोठा भूकंप झाला होता. सेनेकानं त्यावर लिहिलंय. लोकांनी भिंती परत बांधल्या, इसिस देवीचं देऊळ नव्यानं उभारलं, आणि डोंगर फुटला तेव्हा शहरात दुरुस्तीची कामं चालूच होती. त्याच्याही आधी स्ट्रेबो या भूगोलकारानं माथ्यावरचे जळके दगड बघून हा डोंगर कधीकाळी पेटला असावा असं लिहून ठेवलं होतं. जळके दगड, मोठा भूकंप आणि रोजचे हादरे, तिन्ही गोष्टी माहीत होत्या. फक्त त्या एका ओळीत कुणी मांडल्या नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टात बेळगावात पाणी भरलं तेव्हा माझी आजी ओट्यावर बसून म्हणत होती, "दरवर्षीचंच हाय की हे." संध्याकाळी तिला खुर्चीसकट उचलून न्यावं लागलं. नदी वेगळी, ज्वालामुखी वेगळा, तुलना फार ताणत नाही. पण प्लिनीची ती ओळ वाचताना मला आजीचाच आवाज ऐकू आला.

पुढे पत्रात समुद्र मागे हटतो, मासे वाळूत उघडे पडतात. मग काळा ढग खाली उतरून समुद्रावर पसरतो, काप्री बेट दिसेनासं होतं. आई म्हणते, मी म्हातारी, जड अंगाची, तू एकटा पळ. मुलगा तिचा हात धरून ओढतो. मग अंधार, दिवा विझवलेल्या बंद खोलीतल्यासारखा. बायका रडतात, मुलं किंचाळतात, माणसं हाका मारून आवाजावरून एकमेकांना ओळखतात. मरणाच्या भीतीनं काही जण मरणच मागतात. काही म्हणतात, देव उरलेच नाहीत.

उतरणाऱ्या ढगाचं हे वर्णन पुढे संशोधकांच्या फार कामी आलं. वर चढलेला खांब काही वेळा कोसळतो, आणि तापलेली राख, वायू व दगड यांचा लोट जमिनीलगत प्रचंड वेगानं धावतो. लाव्हापासून माणूस बऱ्याचदा चालतसुद्धा दूर जाऊ शकतो. या लोटापुढे पळून उपयोग नसतो. हर्क्युलेनियमच्या जुन्या किनाऱ्यावर, होड्या ठेवायच्या कमानींत, १९८० नंतरच्या खोदकामात सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले. ते घर सोडून निघाले होते, पण समुद्रापाशीच थांबले.

पाठाबद्दल आणखी एक मुद्दा, कारण पेपरला येऊ शकतो. पत्राच्या रूढ प्रतींत २४ ऑगस्ट ही तारीख आहे. पण ही पत्रं शतकानुशतकं हातानं नकलून आपल्यापर्यंत आली, आणि नकलणाऱ्याच्या हातून आकडे नेहमी चुकतात. पाँपेईत शरद ऋतूतली फळं सापडली होती, त्यामुळे शंका होतीच. २०१८ साली तिथल्या एका भिंतीवर कोळशानं लिहिलेला मजकूर सापडला, त्यातली तारीख १७ ऑक्टोबरची आहे. वर्ष लिहिलेलं नाही, पण कोळशाचं अक्षर फार दिवस टिकत नाही. म्हणून आता बरेच अभ्यासक स्फोट ऑक्टोबरच्या अखेरीला झाला असं मानतात. वाद मिटलेला नाही.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात संत पौल सुभेदार फेलिक्स आणि त्याची बायको द्रुसिल्ला यांच्यापुढे येणाऱ्या न्यायाबद्दल बोलतो, आणि फेलिक्स घाबरून, सध्या जा, सवडीनं बोलावीन, असं म्हणतो. या दोघांचा मुलगा अग्रिप्पा पुढे व्हेसुव्हियसच्या स्फोटात मेला, अशी नोंद योसेफस या ज्यू इतिहासकारानं केली आहे. आणि रोमला जाताना पौल ज्या बंदरात उतरून बांधवांकडे सात दिवस राहिला, ते आजचं पोत्सुओली. आपल्या नकाशावर ते नेपल्स आणि मिसेनमच्या मधे येतं.

आता मोठी उडी मारून १६३१ सालात येऊ. व्हेसुव्हियस फार काळ शांत होता, उतारावर झाडी वाढली होती, गुरं चरत होती. १६ डिसेंबरला तो फुटला आणि तीन हजारांहून जास्त माणसं मेली. नेपल्सच्या लोकांनी आपला संरक्षक संत सान जेनारो याचे अवशेष मिरवणुकीनं बाहेर काढले. त्याच्या रक्ताच्या कुप्या वर्षातून तीन वेळा लोकांसमोर आणतात, त्यातला १६ डिसेंबर हा दिवस या स्फोटाच्याच आठवणीचा. पुढच्या वर्षी व्हाइसरॉयनं पायथ्याच्या पोर्तिची गावात रस्त्याकडेला एक शिलालेख बसवला. तो थेट येणाऱ्या पिढ्यांना हाक मारतो. हा डोंगर पुन्हा पुन्हा पेटतो, आधी गुरगुरतो, जमीन हलवतो. तेव्हा घरदार, गाठोडी यांचा विचार न करता वेळेत पळा, असा त्याचा आशय. वाङ्मय मंडळाच्या सभासदांनी त्याच्याकडे एक साहित्यकृती म्हणून बघावं असं मला वाटतं, कारण वाचक कोण हे इतकं स्पष्ट ठरवून लिहिलेला मजकूर विरळाच. पण भाषा लॅटिन! ज्यांनी पळायचं त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती, आणि आज तर त्याहून कमी लोकांना येते. दगड अजून तिथेच आहे. त्याच्याभोवती पोर्तिची एवढं वाढलं की साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास जागेत ५० हजारांहून जास्त माणसं राहतात. युरोपातल्या सर्वांत दाट वस्त्यांत त्याची गणना होते.

१८४१ साली डोंगराच्या उतारावरच वेधशाळा उभी राहिली, ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारी जगातली पहिली. तिचे संचालक लुइजी पाल्मिएरी यांनी भूकंपाची नोंद करणारं विजेवर चालणारं यंत्र बनवलं, आणि १८७२ च्या उद्रेकात ते वेधशाळा सोडून गेले नाहीत. त्याच वेळी लाव्हा बघायला वर गेलेले काही लोक मेले, त्यात वैद्यकीय शिक्षण घेणारी मुलं होती, आपल्याच वयाची.

शेवटचा उद्रेक मार्च १९४४ चा, ऐन महायुद्धात. लाव्हानं सान सेबास्तियानो हे गाव बरंचसं गिळलं. (त्याच साली आपल्या बेळगावात ज्यांचं केंद्र आहे त्या मराठा पलटणीचे जवान इटलीत लढत होते, यशवंत घाडगे यांचा व्हिक्टोरिया क्रॉस तिथलाच, जुलै १९४४ चा.) नॉर्मन लुईस या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 'नेपल्स ४४' या पुस्तकात गावकऱ्यांचं वर्णन केलंय. लाव्हापुढे ते गावच्या संताची मूर्ती घेऊन उभे होते, आणि मागे एका गल्लीत सान जेनारोची मूर्ती कापड झाकून राखीव ठेवली होती. गावच्या संताला वाईट वाटू नये म्हणून झाकलेली. मी हसले, आणि मग आमच्या घरच्या आल्तारावरची गर्दी आठवली.

तेव्हापासून डोंगर गप्प आहे. आज सरकारी योजनेप्रमाणे २५ नगरपालिकांचा 'लाल पट्टा' आहे, त्यात नेपल्सचाही काही भाग येतो, आणि एकूण सुमारे ७ लाख माणसं. धोक्याचा इशारा लाल झाला की ७२ तासांत पट्टा रिकामा करायचा: पहिले १२ तास तयारीचे, पुढचे ४८ निघण्याचे, शेवटचे १२ हाताशी राखलेले. प्रत्येक गावाची जोडी इटलीच्या दुसऱ्या एखाद्या प्रांताशी लावून ठेवलेली आहे. २००३ साली प्रांतिक सरकारनं पट्टा सोडणाऱ्या कुटुंबांना सुमारे ३० हजार युरो देऊ केले, तरी पट्टा रिकामा झाला नाही. उलट नंतर एक मोठं हॉस्पिटलसुद्धा लाल पट्ट्यातच उभं राहिलं. लोक वेडे आहेत का? तसं म्हणणं सोपं आहे. राखेची जमीन कमालीची सुपीक असते. तिथले छोटे टोमॅटो, जर्दाळू आणि 'ख्रिस्ताचे अश्रू' नावाची वाईन प्रसिद्ध आहे. घर आहे, थडगी आहेत, नोकरी आहे. आणि ७२ तासांचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: की सूचना वेळेवर येईल, आणि आली की ती ओळखता येईल.

आता नकाशा परत घ्या. मिसेनमला बसून प्लिनी समोरच्या डोंगराकडे बघत होता. त्याला माहीत नव्हतं की तो स्वतः दुसऱ्या एका ज्वालामुखीवर बसला होता. मिसेनम, पोत्सुओली आणि नेपल्सचा पश्चिम भाग हे सगळं काम्पी फ्लेग्रेई नावाच्या विस्तीर्ण ज्वालामुखीत मोडतं. त्याला शिखर नाही, तो खोलगट आहे, म्हणून डोळ्याला दिसतच नाही. तिथला शेवटचा उद्रेक १५३८ चा. काही दिवसांत एक नवी टेकडी उभी राहिली. जमीन मात्र श्वास घेतल्यासारखी वरखाली होत असते. पोत्सुओलीच्या रोमन बाजारातले तीन उंच संगमरवरी खांब आहेत, त्यांच्यावर बऱ्याच उंचीवर समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली भोकं आहेत. म्हणजे ते खांब मधल्या काळात पाण्याखाली जाऊन परत वर आलेत.

१९८२ ते १९८४ या काळात पोत्सुओलीची जमीन सुमारे १.८ मीटर वर आली. सुमारे ४० हजार लोकांना हलवलं. ज्वालामुखी फुटला नाही. त्या लोकांना आपण काय म्हणणार, वाचले की फसले? अनेक जण परत जुन्या घरात गेलेच नाहीत. २००५ च्या सुमारास जमीन पुन्हा चढायला लागली, २०१२ पासून इशारा पिवळा आहे. २० मे २०२४ ला ४.४ चा आणि १३ मार्च २०२५ ला ४.६ चा भूकंप झाला. लोकांनी रात्र रस्त्यावर, गाडीत काढली आणि सकाळी कामाला गेले. या पट्ट्यातही सुमारे ५ लाख माणसं आहेत. हादरे त्यांना नेहमीचेच आहेत, आणि त्यातला कोणता नेहमीचा नाही हे वेधशाळेला सांगायचं आहे. लवकर सांगितलं आणि काही झालं नाही तर पुढच्या वेळी कोण ऐकेल? उशिरा सांगितलं तर काय होतं ते हर्क्युलेनियमच्या कमानींत दिसतं.

दुसऱ्या पत्राचा शेवट मी पहिल्यांदा वाचला तेव्हा नीट लक्ष दिलं नव्हतं, आता सरांच्या लाल गोलानंतर परत वाचला. अंधार हटतो, सगळं राखेनं बर्फासारखं झाकलेलं दिसतं. मायलेक सुटलेले असतात, कुठेही जाता आलं असतं. ते मिसेनमला परत जातात. ती रात्र आशा आणि भीतीत काढतात, त्यात भीतीच जास्त, कारण जमीन अजून हलत असते. काय होऊ शकतं हे त्यांनी आता डोळ्यांनी बघितलेलं असतं, पुढेही होईल असं वाटत असतं. तरी मामाची काही बातमी कळेपर्यंत निघायचं नाही, असं ते ठरवतात आणि घरातच थांबतात.